बायपास करायची आहे, पण बोनमॅरोच्या पेशींचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

इंदूरच्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांचे बाबा 71 वर्षांचे, कापड गिरणीत नोकरी केलेले. मधुमेह पंधरा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. आता ओटल्याच्या चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि इकोत ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) 30 टक्के आलं. इंदूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. दुसरं मत घ्यायला घरचे बाहेरगावच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेले. तिथे सांगण्यात आलं की बायपास तर करूच, पण त्याच वेळी कमरेच्या हाडातून बोनमॅरो (हाडातला मगज) काढून त्यातल्या पेशी हृदयाच्या निकामी भागात टोचू, म्हणजे 'नवा स्नायू तयार होईल' आणि ईएफ 45 पर्यंत जाईल. त्याचे साडेतीन लाख वेगळे. दहा दिवसांत कळवायचं आहे.

बंगळूरला असलेला भाऊ म्हणतो, बाबांच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नाही. बाबांना गिरणीचे थकलेले पैसे तीस वर्षांनी मिळाले, ते बँकेत तसेच आहेत, त्यातूनच करू. ओळखीच्या एका काकांनी हेच करून घेतलं आणि त्यांचं ईएफ 30 वरून 42 झालं. ताई लिहितात, "मनात शंका आहे, पण बोलायची हिंमत होत नाही. स्वतःच्याच पेशी आहेत, फायदा झाला नाही तरी नुकसान तर नाही ना? मी नको म्हटलं आणि पुढे काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते घाबरतील."

प्रिय ताई,

दहा दिवसांची मुदत रुग्णालयाने घातली आहे. बाबांच्या आजारालाही मुदत आहे, पण ती बायपासला लागू होते, पेशींना नाही. तुमच्या घरात या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्यात, म्हणून तुम्हाला पेशींना नको म्हणणं म्हणजे बाबांच्या उपचारालाच नको म्हणणं वाटतंय. ती गाठ आधी सोडवू.

मी हृदयाची सर्जन नाही. एकतीस वर्षं याच शहरात फॅमिली डॉक्टर म्हणून बसले. मोठ्या रुग्णालयातून जाडजूड फाइल घेऊन आलेली माणसं संध्याकाळी माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, "ते सगळं झालं, आता तुम्ही सांगा काय करायचं." त्यांना जसं सांगायचे तसंच तुम्हाला सांगते.

आधी बायपास. ईएफ म्हणजे हृदय एका ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. निरोगी माणसात तो साधारण 55 ते 70 असतो. ईएफ 35 किंवा त्याहून कमी आणि रक्तवाहिन्यांत अडथळे, अशा 1,212 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि बायपास. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, हिशेब समोर आला. फक्त औषधांच्या गटात शंभरातले 66 जण गेले होते, बायपासच्या गटात 59. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो खरा आहे आणि मोजलेला आहे. मात्र त्या रुग्णांचं वय साधारण साठीचं होतं, बाबा 71 चे आहेत. शिवाय ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात बायपासच्या गटात धोका जास्त होता, त्याचा फायदा पुढच्या वर्षांत दिसला. म्हणून सर्जनला सरळ विचारा: बाबांचं वय, साखर आणि किडनी बघता ऑपरेशनच्या टेबलावरचा धोका किती? हृदयाचा किती भाग जिवंत आहे, ते बघायची तपासणी करायची गरज आहे का? हे प्रश्न विचारले म्हणून कोणी चांगला सर्जन रागावत नाही.

आता पेशी. ही कल्पना आली कुठून ते जरा सविस्तर सांगते, कारण ती कोणा भामट्याच्या डोक्यातून आलेली नाही. मोठा हार्ट अटॅक आला की हृदयाच्या स्नायूच्या जवळजवळ शंभर कोटी पेशी मरतात असा अंदाज आहे. कातडी कापली तर नवी येते, हाड मोडलं तर जुळतं, हृदयाचं तसं होत नाही. 1950-60 च्या दशकांत उघड्यावर अणुस्फोटांच्या चाचण्या झाल्या, त्यातून हवेत मिसळलेला किरणोत्सारी कार्बन तेव्हाच्या माणसांच्या पेशींत गेला. त्याच्या खुणेवरून स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हिशेब मांडला: पंचविशीत हृदयाच्या स्नायूच्या पेशी वर्षाला सुमारे एक टक्का नव्याने तयार होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. म्हणजे मेलेल्या जागी व्रण राहतो, स्नायू परत येत नाही.

अशात 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने जाहीर केलं की उंदराच्या बोनमॅरोतल्या पेशी दुसऱ्या उंदराच्या जखमी हृदयात टोचल्या आणि नवा स्नायू तयार झाला. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ हरखून गेले, आणि का जाणार नाहीत? त्याच वर्षी जर्मनीत माणसांवर वापर सुरूही झाला. रॉस्टॉक शहरातल्या सर्जननी बायपास करताना छाती उघडीच आहे तर तेव्हाच व्रणाच्या कडेला बारीक सुईने पेशी टोचल्या, आणि 2003 मध्ये पहिल्या सहा रुग्णांचे अनुभव छापले. तुमच्या बाबांसाठी सांगितलेली पद्धत मुळात हीच. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मॅरो शोषून घेतात, यंत्रात फिरवून त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या करतात आणि मग हृदयात ठिकठिकाणी टोचतात.

पण 2004 मध्ये दुसऱ्या दोन गटांनी उंदरांवरचा तो प्रयोग स्वतः करून पाहिला, आणि त्यांना नवा स्नायू सापडला नाही. टोचलेल्या पेशी रक्ताच्याच पेशी राहिल्या होत्या. पुढे 2018 मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि बॉस्टनच्या ब्रिगम रुग्णालयाने जाहीर केलं की 2001 चा तो दावा करणाऱ्या गटाच्या प्रमुखाचे नंतरचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत, त्यांत बनावट किंवा फिरवलेली माहिती आहे. हे वाचलं त्या रात्री मला माझे दोन रुग्ण आठवले, ज्यांनी ह्याच आशेवर घर गहाण टाकायची तयारी केली होती. तेव्हा मीही त्यांना ठामपणे काही सांगू शकले नव्हते. आज सांगू शकते, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

ताई, तुम्हाला सांगितलेलं 'नवा स्नायू तयार होतो' हे वाक्य पुराव्याला धरून नाही. टोचलेल्या पेशींतल्या बहुतेक पहिल्या काही तासांतच हृदयातून निघून जातात किंवा मरतात. नंतर संशोधक म्हणू लागले की पेशी स्नायू होत नसतील, पण काही रसायनं सोडून आजूबाजूच्या स्नायूला मदत करत असतील. हे शक्य आहे. पण मग प्रश्न उरतो तो रुग्णाला फरक पडतो का एवढाच, आणि तो चाचणीतूनच कळतो.

चाचण्या शेकड्याने रुग्ण घेऊन झाल्या. छोट्या चाचण्यांतल्या काहींत ईएफ वाढलेलं दिसलं, काहींत नाही. ज्यांत खूप फायदा दिसला त्या का वेगळ्या होत्या, याचा शोध लंडनच्या एका गटाने घेतला आणि 2014 मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी 49 चाचण्यांचे अहवाल ओळ अन् ओळ तपासले आणि सहाशेच्या वर विसंगती काढल्या: एका पानावर रुग्णांची संख्या एक आणि दुसऱ्या पानावर दुसरी, न जुळणारे टक्के, असंच बरंच काही. जितक्या विसंगती जास्त, तितका पेशींचा 'फायदा' मोठा. ज्या पाच चाचण्यांच्या अहवालांत एकही चूक नव्हती, त्यांत फायदा शून्याच्या आसपास होता. मला आजवर वाचलेल्या वैद्यकीय लेखांत इतका अस्वस्थ करणारा दुसरा आठवत नाही.

आता ओळखीच्या काकांकडे येऊ, कारण तुमच्या घरात खरं वजन त्यांच्याच आकड्याचं आहे. 30 चं 42 झालं, हे मी खोटं म्हणत नाही. पण काकांची बायपासही झाली होती ना? रक्त कमी पडलं की हृदयाचा काही भाग मरत नाही, नुसता गपगार पडून राहतो, काम थांबवून जीव वाचवतो. बायपासने रक्त पोचलं की तो भाग हळूहळू पुन्हा आकुंचन पावू लागतो आणि ईएफ वर जातं. एकट्या बायपासने असं होतं. त्यात इकोचा आकडा बघणाऱ्याच्या डोळ्यावरही थोडा अवलंबून असतो. आज एकाने 30 काढला तर उद्या दुसरा त्याच हृदयाचा 35 काढू शकतो. म्हणून एका माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यावरून पेशींनी काय केलं हे कोणालाच सांगता येणार नाही, टोचणाऱ्या सर्जनलाही नाही.

ते सांगायचं तर दोन गट लागतात. दोघांचीही बायपास, एका गटाला पेशी, दुसऱ्याला नुसतं पेशींविना द्रावण, आणि कोणाला काय टोचलं हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. जर्मनीतल्या त्याच सर्जनच्या गटाने अशी चाचणी केली. त्यात 82 रुग्ण होते आणि निकाल 2017 मध्ये आला. दोन्ही गटांत ईएफ वाढलं! पेशी मिळालेल्यांत वाढलं, आणि न मिळालेल्यांतही जवळजवळ तेवढंच. दोघांतला फरक पेशींच्या खात्यावर टाकता येईल असा नव्हता. ज्यांनी ही पद्धत सुरू केली त्यांनीच ती पारखून पाहिली आणि निकाल मनासारखा आला नाही तरी छापला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. दादाला पाठवायची एकच गोष्ट निवडायची असेल तर ही पाठवा.

अटॅक आल्यानंतर लगेच, ऑपरेशन न करता, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, रक्तवाहिनीत पेशी सोडायचीही पद्धत आहे. युरोपात त्याची मोठी चाचणी आखली, 3,000 रुग्ण घ्यायचे ठरले, मिळाले 375. निकाल 2020 चा: दोन वर्षांत पेशींच्या गटात सहा मृत्यू, दुसऱ्या गटात सात. यावरून काहीच ठरत नाही.

तरीही 'स्वतःच्याच पेशी, नुकसान काय' हा प्रश्न राहतोच आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे 'बोनमॅरो' या शब्दाला वजन आहे, आणि ते कमावलेलं आहे. आपल्याच इंदूरच्या एमवाय रुग्णालयामध्ये थॅलेसेमियाच्या मुलांचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट होतं, रक्ताच्या कर्करोगात ते जीव वाचवतं. तिथे बोनमॅरो आपलंच काम करतो: रक्त तयार करतो. हृदयात त्याला दुसऱ्याचं काम सांगितलं जातंय. नाव एकच असलं तरी हे दोन उपचार एकमेकांचे नातेवाईकही नाहीत.

नुकसानीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर नीट झालेल्या चाचण्यांत बोनमॅरोच्या पेशींनी मोठा अपाय केल्याचं दिसलं नाही. पण चाचणीत त्या पेशी कुठल्या प्रयोगशाळेत, किती स्वच्छतेत तयार झाल्या याची नोंद असते. त्याबाहेर ती हमी कोण देणार? बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेतात, तेव्हा हाडात सुई घालण्याचा विचारही त्या हिशेबानेच व्हावा लागेल. कमजोर हृदयाला जास्तीची भूल आणि जास्तीचा वेळ हाही विनामूल्य नसतो. आणखी एक गोष्ट कोणी तुम्हाला सांगितली नसेल: वय वाढलं आणि मधुमेह जुना झाला की बोनमॅरोतल्या याच पेशी संख्येने कमी आणि कामाला मंद होतात. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांचाच मॅरो थकलेला.

आणि कायद्याच्या बाजूनेही हे बसत नाही. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा, म्हणजे बोनमॅरोतून काढलेल्या अशाच पेशींचा, वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीबाहेर तो उपचार म्हणून देणं अनैतिक मानलं आहे, त्याची जाहिरातही चालत नाही. आणि खरी चाचणी असेल तर तिच्यातल्या प्रयोगाच्या भागाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. साडेतीन लाख मागितले, इथेच मला उत्तर मिळालं. तरी तुम्ही स्वतः खात्री करा. रुग्णालयाला लेखी विचारा, फोनवर नको: ही चाचणी आहे का, असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? सीटीआरआय म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि तो क्रमांक घरबसल्या कोणालाही बघता येतो. नैतिक समितीची मंजुरी कुठली, पेशी न मिळणारा तुलनेचा गट आहे का, आणि काही बिघडलं तर भरपाई कोणाची. मग शेवटी हा प्रश्न: पेशी नको म्हटलं तर नुसती बायपास तुम्ही त्याच तारखेला कराल का? या प्रश्नाला आढेवेढे घेणाऱ्या ठिकाणी बाबांना ठेवू नका. खरी, नोंदणी झालेली, विनाशुल्क चाचणी निघाली तर मात्र तिचा विचार जरूर करा. अशा चाचण्यांत भाग घेणाऱ्यांमुळेच आपल्याला वर लिहिलेलं सगळं कळलं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबले ती सांगते. तुम्ही बाबांच्या औषधांची यादी लिहून पाठवली आहे: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. ईएफ 30 असलेल्या रुग्णाला आजकाल चार प्रकारची औषधं देण्याकडे कल असतो. त्यातली दोन बाबांच्या यादीत आहेत, दोन दिसत नाहीत. एक स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीचं. 1999 मध्ये गंभीर हार्ट फेल्युअरच्या 1,663 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू साधारण तीस टक्क्यांनी कमी केले होते. दुसरं डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीचं. ते मुळात मधुमेहाचं औषध, पण 2019 मध्ये 4,744 रुग्णांच्या चाचणीत त्याने कमजोर हृदय असलेल्यांचे मृत्यू आणि रुग्णालयाच्या फेऱ्या दोन्ही कमी केल्या, ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्याही. तुमच्या बाबांना तर दोन्ही दुखणी आहेत. 2020 नंतर त्याच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या आपल्याकडे मिळू लागल्या. टेल्मिसार्टनच्या जागी त्याहून जास्त उपयोगी गोळी चालेल का, हेही विचारण्यासारखं आहे.

कृपा करून हे स्वतःहून सुरू करू नका. पोटॅशियम, क्रिएटिनिन किंवा रक्तदाब यांतल्या कशामुळे तरी डॉक्टरांनी मुद्दाम ती दिली नसतील. डॅपाग्लिफ्लोझिन तर ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंदच ठेवावी लागते. पण यादी घेऊन तुमच्या इंदूरच्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर बसा आणि नाव घेऊन विचारा, "बाबांना ही दोन का नाहीत?" हजारो रुग्णांवर सिद्ध झालेली, महिन्याला थोडक्या रुपयांची गोळी यादीत नसावी आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीसाठी साडेतीन लाखांची जुळवाजुळव चालू असावी, हे बघून मला तुमची काळजी वाटली. पत्र लिहिणाऱ्या अशा अनेक घरांत मी हेच बघते. ऑपरेशन ही मोठी गोष्ट, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, आणि रोजच्या गोळीकडे कोणी बघत नाही.

पैशाचा एक भाग तुम्हाला माहीत नसेल तर: सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. वयोवंदना कार्ड आधारवर निघतं, चौकशी 14555 वर होते. बायपास त्या योजनेत बसते. योजनेतल्या कुठल्या रुग्णालयात कोण सर्जन ती करतात, याची चौकशी हे आठवडाभरात करायचं काम आहे. अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे इको रिपोर्ट जवळ ठेवा आणि पेशींबद्दल ज्यांना काही विकायचं नाही अशा एका हृदयशल्यविशारदाला दाखवा. बायपासनंतर तीन महिन्यांनी इको पुन्हा होईल. तेव्हाही ईएफ 35 च्या वर गेलं नसेल तर छातीत बसवायच्या यंत्राचा विषय निघेल. तो आज डोक्यात घेऊ नका, पण पैसे शिल्लक असावेत असं एक खरं कारण म्हणून लक्षात ठेवा.

दादाबद्दल. तो बंगळूरला आहे, बाबांची धाप त्याला फोनवरच ऐकू येते. लांब राहणाऱ्या मुलाच्या हातात पैसे देणं हे एकच काम उरतं, म्हणून तो तेच जोरात करतो. त्याच्याशी "एवढा खर्च कशाला" असं सुरू केलंत तर तुम्ही दोघं पैशावर भांडत बसाल, आणि ते भांडण तुम्ही हराल, कारण आपल्या घरांत बाबांच्या दुखण्यात पैशाचं नाव काढणाऱ्याची मान खालीच जाते. त्याला कामं द्या. रुग्णालयाला ती लेखी विचारणा दादाने इमेलवर करावी. सीटीआरआयवर त्याने शोधावं. जर्मन चाचणीचा निकाल त्याने वाचावा. ऑपरेशनच्या वेळी तीन आठवड्यांची रजा काढून इथे यावं, कारण बायपासनंतर रात्री बाबांना उठवून बसवायला, खोकताना छातीवर उशी धरायला आणि श्वासाच्या व्यायामाचे चेंडू वर ढकलायला दोन माणसं लागतात. माझ्या अनुभवात, पाहिजे तेवढे पैसे असून ती दोन माणसं नसलेली घरं जास्त हाल सोसतात.

आणि तुमचं ते वाक्य, "मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही." ताई, बायपासला धोका आहे. पेशी घेतल्या तरी तो धोका तेवढाच राहील. उद्या काही विपरीत झालं तर मन कारण शोधेल, आणि तेव्हा 'मी पेशींना नको म्हटलं होतं' हे सगळ्यात हाताशी असलेलं कारण असेल. म्हणून आत्ताच, शांत असताना, एका कागदावर लिहून ठेवा: कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरं आली, कशावरून ठरवलं. खाली तुमची आणि दादाची, दोघांची सही. मी हे अनेक घरांना करायला लावलं आहे. वर्षांनंतर लोक मला भेटून सांगतात की तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

खरं तर त्या कागदावर तिसरी सही हवी. निर्णय बाबांच्या हृदयाचा आहे आणि पैसे बाबांच्या गिरणीचे, आणि पूर्ण पत्रात फक्त त्यांनाच काही विचारलेलं नाही. ते घाबरतील असं तुम्हाला वाटतं. ज्या माणसाची गिरणी बंद झाली, ज्याने तीस वर्षं आपल्या हक्काच्या पैशाची वाट बघितली आणि त्यात तुम्हा दोघांना वाढवलं, तो एवढ्याने घाबरेल का? घाबरला तरी ते भय त्यांना आत्ताही आहेच. रात्री धाप लागून जाग येते तेव्हा ते एकटेच जागे असतात. आणि संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार आहे. त्यांच्या अंधारात घेतलेली सही मला डॉक्टर म्हणून कधीच पटली नाही.

त्यांना डॉक्टरांची भाषा नको. सकाळी पोहे खाऊन झाले, वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, की शेजारी बसा आणि सांगा: हृदयाला रक्त कमी पडतंय, त्यासाठी ऑपरेशन करायचं आहे, त्यात धोका इतका आहे. एका ठिकाणी अजून एक गोष्ट सांगितली आहे, तिचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि तिला साडेतीन लाख लागतील. मग गप्प राहा. ते जे म्हणतील ते पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. कदाचित ते पेशींना एका वाक्यात नको म्हणतील. कदाचित ऑपरेशनबद्दलच असं काही विचारतील ज्याचा तुम्ही दोघांनी विचारच केलेला नाही, जसं की भूल उतरल्यावर समोर कोण असेल. आणि त्या पैशांचं त्यांनी मनात काही ठरवलं असेल, तर तेही याच वेळी विचारून घ्या.

हे येत्या रविवारी करा, दादाला फोनवर घेऊन. सोमवारी इंदूरच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि औषधांची यादी सोबत न्या. बाहेरगावच्या रुग्णालयाला लेखी प्रश्न आजच जाऊ दे. त्यांचं उत्तर आलं की मला पाठवा, मी वाचून लगेच कळवेन.

तुमची,
डॉक्टरमावशी